सायसिंगची जीप आणि आपली पन्नी

बापू,

तुझं तेरावं होऊन पाच दिवस झाले. दारावर बसायला येणारी माणसं आता कमी झालीत. तुझी बायको रेखा पुन्हा स्वतःच्या हाताने चहा करायला लागली आहे. येणारे-जाणारे माझ्याकडे बघून म्हणतात, आक्काने भावाचं फार लावून घेतलं. लावून घेतलंय हे खरं, पण माझी अन्नावरची वासना उडाली ती त्यामुळे नाही. मी घाबरले होते, बापू. रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला तरी शिलाई मशीनवरचा माझा पाय थांबायचा. आणि हे ज्याला सांगावं असा एकच माणूस होता, तो हार घालून फोटोत जाऊन बसला होता, जसं काही त्याचा याच्याशी संबंधच नाही.

सगळं पहिल्यापासून सांगते. तुला माहीत आहे तेही सांगते, कारण दोघांच्या आठवणीत फरक निघाला तर भांडायला तू येणार नाहीस.

तू मोटारसायकलींचा मिस्तरी. कापसाच्या जिनिंगमध्ये मोटारींजवळ वर्षं काढलीस, तिथे कान घालवून आलास आणि तळोद्यातल्या आपल्या घराच्या बाजूला पत्र्याची शेड ठोकलीस. पुढच्या खोलीत माझं ब्लाउज शिवण्याचं मशीन, शेडमध्ये तुझ्या गाड्या. मोलगीच्या सायसिंगने त्याची जीप ट्रॅक्टरला दोर बांधून आपल्या दारात आणली तेव्हा होळीला महिनाही राहिला नव्हता. मोलगी ते अक्कलकुवा माणसं ने-आण करणारी ती जीप. काठी गावच्या होळीला डोंगरातलं प्रत्येक घर कुठे ना कुठे निघतं, आणि तेव्हाच इंजिनाने राम म्हटला होता. सायसिंगने विचारलं, "मिस्तरी, होळीच्या आधी होईल?" तू त्याच्या ओठांकडे बघितलंस आणि छातीला हात लावून म्हणालास, होईल.

तो गेल्यावर मी तुझ्यासमोर जाऊन मोठ्याने, तोंड फाडून विचारलं, की अरे, तू जन्मात कधी जीपचं इंजिन खोललं आहेस का? तू खिशातून मोबाईल काढून माझ्या हातात दिलास.

"येन्हामा सगळं शे, आक्का. तू फक्त धरी ठेव."

आणि मी धरून बसले. बावन्न वर्षांची बाई, डोक्यावर पदर, एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हाताचं एक बोट पडद्यावर, तू मान हलवलीस की थांबवायला, पुन्हा हलवलीस की सुरू करायला. तुझे हात तेलात बरबटलेले असायचे म्हणून माझी नेमणूक. व्हिडिओतला तो माणूस, त्याचा चेहरा कधी दिसला नाही. फक्त दोन हात, मनगटात लाल धागा. हिंदी बोलणारा होता हे मला पहिल्या मिनिटालाच कळलं, पण तू लगेच भुवया आवळल्यास. त्या मोबाईलचा आवाज तुझ्या कानात नुसता करकरायचा.

"आवाज बंद कर. त्यान्हा तोंडकडे नको, हातकडे देख."

"अरे, पण मला तरी ऐकू दे. मी तुला सांगत जाईन."

"तू आयकशी, मंग माले सांगशी, तवलोंग तो पुढे निंघी जाई."

यावरून आपण रोज भांडलो. रोज. मी म्हणायची, बोलतोय म्हणजे काहीतरी कामाचं सांगत असेल. तू म्हणायचास, मिस्तरी तोंडाने कामं करत नाहीत. मी चिडून एकदा मोबाईल टेबलावर आपटला तर तू दिवसभर माझ्याशी बोलला नाहीस, आणि संध्याकाळी माझ्या मशीनच्या पट्ट्याला तेल घालायला लागलास. पट्ट्याला तेल घालतात का रे? तो घसरायला लागला. मग दोघं हसलो आणि आवाज बंदच राहिला.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. ते दिवस मला फार आवडले. लग्न मोडून मी माहेरी परत आले त्याला चोवीस वर्षं झाली. या चोवीस वर्षांत मला कुणी म्हटलं नव्हतं की आक्का, तुझ्याशिवाय होणार नाही. दुपारी मी ब्लाउजचं काम बाजूला सारून शेडमध्ये यायची. एकेक नट काढून माझ्या बटणांच्या डब्यांमध्ये ठेवायचा आणि डब्यावर खडूने आकडा लिहायचा, ही माझी युक्ती. तू रेखाला सांगितलंस, आक्कान्हं डोकं मिस्तरीनं शे. ते मी ऐकलं होतं.

आता पन्नीचं.

इंजिनाच्या पोटात तो जाड वाकडातिकडा दांडा असतो, क्रँक. त्याच्याभोवती अर्ध्या बांगडीसारख्या पातळ पट्ट्या बसतात, त्या तुझ्या भाषेत बेअरिंग. सायसिंगच्या जीपचा क्रँक झिजला होता. नवीन बेअरिंग घातलं तरी सैल पडत होतं. क्रँक घासून आणायला सुरतेला पाठवायचा तर होळी निघून जाणार होती. तू दोन दिवस त्या दांड्यावरून अंगठा फिरवत बसलास. तिसऱ्या दिवशी व्हिडिओत त्या लाल धाग्याच्या हातांनी काय केलं, तर चंदेरी पन्नीची एक चिंचोळी पट्टी बेअरिंगच्या मागे ठेवली आणि वरून बेअरिंग दाबून बसवलं. सैलपणा गेला.

मी तिथेच थांबवलं. तू बघत राहिलास. बराच वेळ बघत राहिलास.

"आक्का, हाई माले बरोबर नई वाटी ऱ्हायनं."

हे तू म्हणालास. याच शब्दांत. आणि मी काय म्हणाले?

"काय नई व्हत रे. ब्लाउज सैल पडना तं मी आतून कापड लावस का नई? रोज करस. तो मोठा मिस्तरी करी ऱ्हायना, आन तुले शंका."

तू क्रँककडे बघितलंस, मग माझ्याकडे बघितलंस. "तू म्हणस तं बरं." मी घरात गेले, चहाच्या पुड्यातली पन्नी काढली, इस्त्रीने सपाट केली आणि माझ्या कात्रीने चार पट्ट्या कापल्या. कोपरे गोल केले, कापडाला करते तसे, टोचू नयेत म्हणून. तू त्या बसवल्यास. मग मी व्हिडिओ पुढे ढकलला, कारण पुढचं काम खोळंबलं होतं.

इंजिन सुरू झालं तो दिवस मला विसरता येणार नाही. तुला आवाज येत नव्हता म्हणून तू पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवलंस, मूठ दाताखाली धरलीस आणि डोळे मिटलेस. मग हसलास. "हात ठेव आठे, आक्का!" मी हात ठेवला. गरम, थरथरणारं लोखंड. सायसिंगने मोहाच्या दारूची धार आधी जमिनीवर सोडली, मग चाकावर, मग तुझ्या तळहातावर. होळीला चार दिवस होते. तू जिभेने तळहात चाटलास आणि रेखाने तोंड फिरवलं.

होळी झाली, आणि नवव्या दिवशी तू चहाचा कप खाली ठेवलास आणि स्वतःही खाली बसलास. ते मी इथे लिहिणार नाही. ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, कागदावर कशाला हवं.

तेराव्याला सायसिंग आला. जीप घेऊन आला, आपल्या दारापर्यंत. त्याच्याबरोबर मोलगीची आठ-दहा माणसं होती. तू त्यांच्यातल्या कुणाचा पंप, कुणाची गाडी सुधारून दिलेली. सायसिंग माझ्याजवळ बसून म्हणाला, "बाई, मिस्तरी गेला, पण त्याचं इंजिन बघा. होळीत रोज चार फेऱ्या केल्या. वीस-वीस माणसं भरली. घाटात कुठे दम घेतला नाही." मला इतकं बरं वाटलं, बापू. वाटलं, चला, तू अजून घाट चढतो आहेस.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुझा मोबाईल घेतला. रेखा झोपली होती. म्हटलं, ते हात पुन्हा बघावेत, तुझ्याबरोबर बघितलेले. इतकंच मनात होतं. व्हिडिओ लावला आणि या वेळी आवाज बंद करायला सांगणारं कुणी नव्हतं.

पन्नीची जागा आली. लाल धाग्याच्या हातांनी पट्टी उचलली आणि तो माणूस बोलला, "अब ध्यान से देखना भाई लोग. बहुत से मिस्त्री टाइम बचाने के लिए ऐसे पन्नी डाल देते हैं. ये गलती कभी मत करना." मी पुढे बघत राहिले. त्याने पट्टी बसवून दाखवली, आपण बघितली तशीच, आणि मग उपसून फेकून दिली. म्हणाला, पन्नी गरम तेलात सरकते, बेअरिंग फिरतं, तेलाचं भोक बंद होतं, इंजिन चालता चालता जाम होतं. ते उपसून फेकणं आपण कधी बघितलंच नव्हतं. मी पुढे ढकललं होतं.

मी ते पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा आवाज बंद करून बघितलं, तर आवाजाशिवाय तो खरंच शिकवत असल्यासारखाच दिसतो रे. कुणीही फसलं असतं. पण तू फसला नव्हतास.

आणि जीप घाटात होती. घाट उतरताना सगळे गाडी बारक्या गिअरवर ठेवतात, इंजिनाच्या जोरावर गाडी अडते, हे तूच मला सांगितलं होतंस. इंजिन वळणावर जाम झालं तर मागची चाकं एकदम धरणार. पुढचं मी दिवसातून शंभर वेळा बघितलं. टपावरची माणसं, मागे लटकलेली पोरं, बायांच्या मांडीवरची लेकरं. मी ब्लाउजची बाही कापायची आणि मनात दरी दिसायची. एक बाही दोनदा उलटी जोडली.

सायसिंगला फोन लावला. लागला नाही. डोंगरात कुठे लागतो फोन. दर वेळी ती बाई सांगायची, संपर्क क्षेत्राच्या बाहेर, आणि दर वेळी माझ्या मनात यायचं की झालं, गेली गाडी.

रेखाला सांगितलं. पन्नी आणि व्हिडिओ, एवढंच सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "आक्का, गया तो माणूस. आते लोकसमा त्यान्हं नाव खराब करू नका. इतला दिवस चालनी ना गाडी? चाली जाई." मला तिचा राग आला नाही. तिच्याजवळ तुझं नावच उरलं आहे. आणि खरं सांगू, तिने तसं म्हटलं म्हणून मला बरंच वाटलं. गप्प बसायला निमित्त मिळालं. तीन दिवस मी गप्प बसले, बापू. तीन दिवस ती जीप भरून खाली उतरत होती आणि मी इथे हुकं लावत बसले होते.

चौथा दिवस मोलगीच्या बाजाराचा. सकाळी उठले आणि वाटलं, आज बाजाराची गर्दी, आज होणार. बोल्ट खोलायचे तुझे पाने पिशवीत टाकले, रेखाला म्हटलं अस्तराचं कापड आणायला जाते, आणि अक्कलकुव्याची एसटी धरली.

स्टँडजवळ सायसिंगची जीप उभी होती, वर जायला भरत होती. भरत कसली, भरलीच होती. टपावर पोती, टपावर माणसं. पुढच्या सीटवर एक म्हातारी, मांडीवर पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. सायसिंगने मला बघून हात हलवला, "या बाई, वर येता का? जागा करतो." त्याने चावी फिरवली आणि इंजिन सुरू झालं. पोटात कुठेतरी टकटक होत होती, बारीक. तुझ्या पेचकसाची गरज नव्हती, मला उभ्या जागेवरून ऐकू आली.

मी जीपच्या पुढे जाऊन उभी राहिले. बॉनेटवर दोन्ही हात ठेवले. सायसिंग हसत होता, त्याला वाटलं थट्टा करते आहे. मी ओरडले, "बंद कर! खाली उतरा सगळे! या इंजिनात चूक आहे, बापूने चूक केली आहे, हे घाटात जाम होईल!"

ऐकलंस? बापूने. मी तेच म्हणाले. वीस-पंचवीस माणसांसमोर, भर स्टँडवर. तोंडातून तेच निघालं, कारण ते सोपं होतं. मेलेला माणूस उठून काय सांगणार. माणसं एकमेकांशी बोलत खाली उतरली, आणि दोघातिघांच्या तोंडी तुझं नाव आलं. ज्या तोंडांनी चार दिवसांपूर्वी आपल्या दारावर तुला चांगलं म्हटलं होतं, त्याच तोंडी.

सायसिंगने जीप ढकलत नेऊन कडुलिंबाखाली लावली. रागावला होता, पण माझ्या पिशवीतले पाने त्यानेच काढले. आम्ही दोघं गाडीखाली आडवे झालो. मी पदर कमरेला खोचला आणि त्याला सांगत गेले, आधी तेल काढ, मग हे बोल्ट, मग हा. तळाचं चेंबर निघालं. पहिलं बेअरिंग खोललं, पन्नी जागेवर होती. दुसरं खोललं, पन्नी चुरगळलेली. मग तिसरं काढलं. बेअरिंग फिरून बसलं होतं, काळं-निळं पडलेलं, आणि तेलाच्या भोकावर पन्नीची घडी चिकटली होती.

तो बाहेर सरकला आणि जमिनीवर बसला. "काल उतरताना माझी बायको होती गाडीत," तो म्हणाला. "दोन्ही पोरी होत्या." त्याने मुठीत ते बेअरिंग धरून ठेवलं होतं. मी गाडीखालीच होते. मला बाहेर यायची हिंमत होत नव्हती.

शेवटी तोच म्हणाला, "जाऊ द्या बाई. मिस्तरी चांगला माणूस होता. चुकला. मेलेल्या माणसावर काय रागवायचं."

इथेच संपलं असतं. मी मान हलवली असती तर तो मला स्टँडवर सोडून आला असता, चहाही पाजला असता. पण मी गाडीखाली पाठीवर पडले होते, डोळ्यांसमोर ते चौथं बेअरिंग होतं, त्याच्या कडेतून पन्नी बाहेर आलेली, आणि कोपरा गोल. माझी कात्री. तुला असे कोपरे कापायला सात जन्मांत जमलं नसतं.

मी म्हणाले, "सायसिंग, पन्नी मी कापली."

तो वाकून गाडीखाली बघायला लागला.

"मीच म्हटलं घाल म्हणून. तो नको म्हणत होता. त्याला बरोबर वाटत नव्हतं. मी ऐकलं नाही. मी मोठी बहीण, त्याने माझं ऐकलं."

मला वाटलं तो आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो उठला, हात पुसले आणि म्हणाला, "मग बाहेर या. तिथे सांगा."

"कुठे?"

"जिथे आधी सांगितलं तिथेच. ती माणसं दुसऱ्या गाडीने वर जातील. संध्याकाळपर्यंत सगळ्या पाड्यांत जाईल, बापू मिस्तरीने माणसं मारली असती. तो माणूस परत येऊन सांगणार नाही बाई."

जीप थांबवायला उभी राहिले तेव्हाही मी इतकी भ्यायले नव्हते. तेव्हा निदान ओरडता आलं होतं. कडुलिंबापासून स्टँडपर्यंत शंभर पावलं असतील. लुगड्याला तेल, केसांत माती, हात कोपरापर्यंत काळे. माणसं सावलीला बसली होती, बाया, पोरं, पोती. सायसिंग माझ्यामागे चालत होता, पण पुढे येत नव्हता. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि मराठी सुचेना. शाळेत शिकलेलं सगळं गेलं. आपल्याच बोलीत तोंडातून निघालं.

"मन्हा भाऊन्ही चूक नई शे. त्यानी नको म्हटलं व्हतं. मी आयकं नई. ती पन्नी मी कापी, मीच घालाले लायी. हाई सगळं मन्हं शे."

काहींना माझी बोली कळली, काहींना नसेल. सायसिंगने त्यांच्या भाषेत सांगितलं, थोडक्यात, माझ्याकडे न बघता. एक पोरगी हसली आणि तिच्या आईने तिला गप्प केलं. मला वाटलं, आता जमीन फाटली तर बरं. मग ती कोंबड्यांवाली म्हातारी मला वरपासून खालपर्यंत बघून सायसिंगला काहीतरी बोलली, बरंच लांब.

मी विचारलं, काय म्हणतात?

सायसिंगने सांगितलं, "म्हणते, बाईने मेलेल्याला तर सोडवलं. आता गाडीचं काय ते करा."

क्रँक सुरतेला गेला आहे, बापू. आठ दिवसांनी येईल. बसवायला मीच बसणार आहे, सायसिंगसमोर, एकेक बोल्ट त्याला दाखवून. बटणांच्या डब्यांवर पुन्हा खडूने आकडे लिहिले आहेत. करते आहे रे. भीत भीत करते आहे.